सरकीची खीर

मलकापूर,
९ डिसेंबर १९६३

प्रिय प्रतिमा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. बरी नाही ती मीच. तीन दिवस झाले, अन्न गोड लागत नाही.

शुक्रवारी माझ्या स्वयंपाकवर्गाची परीक्षा झाली. पहिल्या येणाऱ्या बाईला बुलढाण्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा मिळायची आहे, आणि मनकर्णाबाईला ती हवीच आहे. नवऱ्यानं टाकलेली, पदरात दोन मुली, जिनिंगमध्ये कापूस निवडते. हात मात्र असा, की तिच्या फोडणीच्या वासानं मी फळा सोडून मागे वळते.

परीक्षेत शेवटी स्वतःच्या डोक्यानं काहीतरी नवं करायचं होतं. बाकीच्यांनी मी शिकवलेला शिराच केला. हिनं काय करावं? सरकीची खीर! कापसाच्या बिया, सरकी, भिजवून, वाटून, तीनदा गाळून दूध काढलं, चांगलं कढवलं, गूळ नि सुंठ घातली. म्हणाली, बाई, ज्याले दूध परवडत नाही त्याच्या लेकरानं काय खीर खाऊच नाही? मी सगळ्यांदेखत म्हटलं, ढोरांचं खाणं परीक्षेला आणलंस? आणि सरळ शून्य दिलं. चमचासुद्धा बुडवला नाही गं! ती पातेलं उचलून निघून गेली.

खरं सांगू? राग आला होता तो हे मला सुचलं नाही याचा. इतकी वर्षं शिकवते, पण एक पदार्थ माझा नाही. काल तिच्या घरी जाऊन म्हटलं, परत परीक्षा घेते. तर म्हणते, बाई, आता तुम्ही सांगसान थेच करतो. तिचं सुचणंच मी मारलं असेल तर?

फेरपरीक्षेला बाहेरचा परीक्षक लागतो. मी तुझं नाव दिलंय. येत्या सोमवारी नागपूरहून ये. आपल्या ट्रेनिंगच्या परीक्षेला तू तापानं फणफणली होतीस, तेव्हा तुझ्या लाह्यांच्या वड्या मी माझ्या म्हणून मांडल्या. पहिला नंबर घेतला, त्यावर ही नोकरी मिळवली. तू कधी अवाक्षर काढलं नाहीस. सोमवारी मी हे मनकर्णाबाईसमोर, सगळ्या वर्गासमोर सांगणार आहे. शून्य देणारीकडेच स्वतःचं काही नव्हतं हे कळून तिनं पुन्हा सरकी वाटायला घ्यावी, यासाठी मला दुसरं काही सुचत नाही. मग माझी नोकरी राहो न राहो. तू मात्र ये.

तुझीच,
शैलजा