यादीतला दुसरा नंबर

२ एप्रिल, मंगळवार
पक्षाची यादी जाहीर. माझा नंबर दुसरा! युरोपीय संसदेत लात्वियाच्या जागा नऊ, सगळा देश एकच मतदारसंघ. आमच्या दोन तरी नक्की येणार. म्हणजे मी ब्रुसेल्सला गेलोच. आईला सांगितलं. ती म्हणाली, तिकडे राय धान्याचा काळा पाव मिळतो का रे?

९ एप्रिल, मंगळवार
आईला वृद्धाश्रमात ठेवलं. मी ब्रुसेल्सला गेल्यावर तिच्याकडे बघणार कोण? आधीपासून सवय झालेली बरी. जवळच तर आहे, अर्ध्या तासात पोचता येतं. ठराव : दर रविवारी जाणे.
घरातल्या तिच्या खोलीत प्रचार कार्यालय उघडलं. पोस्टरं पलंगावर अगदी नीट मावली.

१४ एप्रिल, रविवार
जाता आलं नाही. फ्रेंचचा अभ्यास. ‘मी लात्वियाहून आलो आहे’ एवढं पाठ झालं. पुढचं वाक्य भविष्यकाळात आहे, जड जातं.

२८ एप्रिल, रविवार
संसदेत बोलायला म्हणे एक मिनिट मिळतं. शेगडीसमोर उभं राहून भाषण म्हणून पाहिलं. अकरा मिनिटं झाली. कापायला जागाच नाही, सगळं महत्त्वाचं आहे. शेजारचा विल्मार्स खिडकीतून ऐकत होता. म्हणाला, मास्तर, लोकांच्या दारात जावं लागतं, शेगडी मत देत नाही. आणि म्हातारीला कधी भेटलास? जळतो माझ्यावर. भूगोल शिकवणारा माणूस युरोपात जाणार, हे बघवत नाही.
वृद्धाश्रम राहिला. पुढच्या रविवारी नक्की.

१२ मे, रविवार
मातृदिन. वाल्मिएरात ‘मातांचे प्रश्न आणि युरोप’ या विषयावर भाषण दिलं. श्रोते सात. त्यातले दोघे बसची वाट बघत होते. आईला फोन करणार होतो, तेवढ्यात फोटोग्राफर आला.

१९ मे, रविवार
काय डोकं चाललं माझं! वृद्धाश्रमातच एक मतदान केंद्र आहे, म्हणून तिथेच सभा घेतली. एका फेरीत दोन कामं. आई पहिल्या रांगेत बसली होती, हिवाळी कोट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून, पर्स मांडीवर. आत चांगलंच उकडत होतं. कार्यक्रम म्हणून नटली असणार. पुढची सभा असल्यामुळे बोलणं झालं नाही. मी हात हलवला, तिनेही हलवला. बाकीच्या बायका टाळ्या वाजवत नव्हत्या. या वयात हात दुखतात.

८ जून, शनिवार
मतदान केलं. सगळ्या पक्षांच्या याद्या हातात देतात, त्यातली एकच पाकिटात घालायची. यादीतला जो आवडतो त्याच्यापुढे प्लस करायचा, नको असेल त्याचं नाव खोडायचं; यादीतला शेवटचा क्रम त्यावरच ठरतो. स्वतःपुढे प्लस केला. आठव्या नंबरची रीगाची ती पोरगी खोडली. वैर काही नाही, खबरदारी. बॅग भरून तयार आहे.

१० जून, सोमवार, सकाळी
दोन जागा!! नवा टाय घेतला.

रात्री
प्लस आणि खोडलेली नावं मोजून झाली. मी यादीत शेवटचा. माझ्या जागेवर रीगाची पोरगी जातेय.
केंद्रांचे आकडे पाहिले. वृद्धाश्रमात आमच्या यादीला तेवीस मतं, सबंध जिल्ह्यात इतकी चांगली टक्केवारी कुठेच नाही. आणि तिथे माझं नाव खोडणारे बावीस. प्लस एक. तो मेट्रनबाईंचा असणार. मी त्यांच्या पडद्यांची स्तुती केली होती.

१२ जून, बुधवार
जाब विचारायला गेलो. आईच्या खोलीत झेंटा म्हणून एक बाई असते, नव्वदीच्या पुढची. ती म्हणाली, मीच सांगितलं सगळ्यांना. दर रविवारी नाश्ता झाला की ही बया कोट घालून खिडकीशी बसते. जेवायला हाक मारली तरी उठत नाही, म्हणते उठले तर रस्ता दिसायचा नाही. पक्ष तुमचा चांगला आहे बाबा, पेन्शनचं बोलतो, म्हणून यादी तुमचीच घेतली. तुझं नाव तेवढं खोडलं.
मी आईला विचारलं, तूसुद्धा? ती म्हणाली, मी नको नको म्हणत होते रे गुन्वी, ऐकतंय कोण. तो एक प्लस माझा. मी झेंटाला म्हटलं, बघा, शेवटी आई ती आई. आई म्हणाली, तसं नाही रे. तू निवडून आला असतास तर या बायकांना सांगता आलं असतं, तो ब्रुसेल्सला असतो, म्हणून येत नाही.
मी खिडकीचा पडदा नीट केला आणि निघालो.
ठराव : लीगोच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या शेकोटीच्या सणाला तिला घरी आणणे.

१६ जून, रविवार
गेलो नाही. पुढच्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक आहे. पोस्टरवरचं ‘युरोप’ कापलं तर माझा फोटो वापरता येईल. दिवसभर कात्री चालवली.

२३ जून, रविवार. लीगो
पलंग रिकामा केला, स्वच्छ चादर घातली. सणाचं चीज आणलं. दुपारी वृद्धाश्रमात पोचलो. खिडकीत आई नव्हती. नको ते मनात आलं. जिन्यावर दोनदा थांबलो.
ती मागच्या अंगणात होती. बायकांबरोबर ओकच्या पानांचे मुकुट विणत, साध्या ब्लाउजमध्ये, कशाला तरी हसत. कोट आत खुंटीला होता.
मी म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, आज नको रे, आज आमची शेकोटी आहे, झेंटाला एकटीला कुठे सोडू? मी म्हटलं, मग पुढच्या रविवारी? ती म्हणाली, बघू, तुला जमेल तसं. चीज ठेवून घेतलं. मी निघालो तेव्हा मागून म्हणाली, तो कोट तेवढा घेऊन जा. आता लागत नाही.
कोट घरी आणला. तिच्या पलंगावर ठेवलाय. संध्याकाळचे पाच वाजलेत, रविवार आहे, आणि मला कुठेही जायचं नाही.