रांगेत एक

२२ सप्टेंबर
आले बाई एकदाची ओरोसला! आमच्या आंबोलीत कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, इथे दोन तासांत वाळले. पुढे कितीही हाल झाले तरी हे सुख लिहून ठेवलंच पाहिजे. कंपनी लहान, खासगी. समुद्रावर गेलेल्या होड्यांना वादळाचे इशारे पाठवायचं काम. प्रत्येक होडीवर एक डबी असते. तिच्यावर इशारा उमटतो, आणि होडी कुठे आहे ते डबी आम्हाला कळवते. होडीवाल्याला तिच्यावरून हवामानही विचारता येतं. हे सगळं ज्या जावा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर चालतं, तो सांभाळायला मी शिकायचं. कॉलेजात जावा लिहिलं होतं, पण भात जेवणं वेगळं आणि भात लावणं वेगळं.

शिकवणार लवूकाका. निवृत्तीला आलेले, तोंडात सदा सुपारी. पहिल्याच दिवशी मला ‘गो गौरजा’ म्हणून हाक मारली आणि मी घरचीच झाले.

२६ सप्टेंबर
कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा सगळा कारभार दाखवणारा पडदा, आता ओळखीचा झालाय. मेमरी भरली की सर्व्हर अडकतो, मग बंद करून परत सुरू करायचा. न पोचलेले इशारे रांगेत थांबतात. होडी टप्प्यात आली की सर्व्हर ते पुन्हा पाठवतो.

काकांची तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी. रीस्टार्टच्या आधी ते चपला काढून उभे राहतात आणि चक्क देवाला गाऱ्हाणं घालतात! ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात, मग रांगेत ज्यांचा इशारा अडकलाय त्या एकेका होडीचं नाव, आणि प्रत्येक नावाला मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हसू दाबून दाबून माझे गाल दुखले. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, रांगेत कोण रवलो ता बघल्याशिवाय बटान दाबू नको हां.

६ ऑक्टोबर
आज माझा दिवस! मॅडम (भार्गवी मॅडम, आमच्या साहेब) बाहेर, काका जेवायला घरी, आणि दुपारी एकला सर्व्हर अडकला. काकांच्या पासवर्डने आत गेले. त्यांनीच विश्वासाने दिलाय. बंद करून सुरू केला, परत अडकला. रांग साफ केली की लवकर उठतो असं वाचलं होतं. रांगेत होता फक्त एक. एका इशाऱ्यासाठी कसलं गाऱ्हाणं घालायचं? जुनाच असणार. नावसुद्धा न बघता पुसला. तीन मिनिटांत सर्व्हर टुणटुणीत! बाबांना फोन करून भरपूर बढाई मारली.

८ ऑक्टोबर
परवा दुपारी समुद्र खवळला होता. बाकीच्या होड्या इशारा मिळून परतल्या. मालवणचा महादू परतला नाही.

तो एक इशारा त्याचा होता.

१० ऑक्टोबर
महादूची बायको सुगंधा आज ऑफिसात आली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, माझ्या घोवाक निरोप पोचलो काय गो? मी म्हटलं, चौकशी चालू आहे. अगदी सरकारी आवाजात म्हटलं. माझीच मला किळस आली.

सर्व्हरच्या नोंदीत रांग पुसणाऱ्याचं नाव काकांचं आहे, पासवर्ड त्यांचा होता ना. मॅडमनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, बटन मीच दाबलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, तुका सांगूचा वाटात तेव्हा सांग. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी जाऊन कन्सोलसमोर बसले.

१३ ऑक्टोबर
महादूच्या डबीकडून विचारणा आली. ‘हवामान कसा आसा?’ मी ती पुसली. पाच मिनिटांनी परत आली. परत पुसली. परत.

१४ ऑक्टोबर
दिवसभर तेच. सहन होईना. खरं सांगायचं होतं माणसांना. मी ते सोडून डबीला उत्तर दिलं. पुसलेला इशारा शब्द न् शब्द तसाच पाठवला. वादळ येत आहे, ताबडतोब परत फिरा. आठ दिवस उशिरा.

पोचला. उत्तर आलं.

‘मी फिरलंय. येतंय.’

१५ ऑक्टोबर
कन्सोलच्या नकाशावर त्याच्या डबीचा ठिपका हलतोय. सकाळी खोल समुद्रात, दुपारी बंदरात. लोकांना बघायला पाठवलं. तिथे काहीच नाही, ना होडी, ना डबी.

१६ ऑक्टोबर
कुंभारमाठ. मग चौके. जमिनीवर — रस्त्याने — माणूस चालेल त्या वेगाने. घर त्याचं मालवणात, तिथे थांबला नाही. इशारा जिथून निघाला तिथे येतोय.

१७ ऑक्टोबर, सकाळ
कट्टा. कसाल.
चार वाजता मॅडम काकांना काढून टाकणार आहेत. काका सुपारी कातरत बसलेत. माझ्याकडे बघतही नाहीत.

दुपारी साडेतीन
ठिपका आमच्याच इमारतीवर. पाऊस नाही, तरी जिना ओला आहे.

तोंडाने सांगायचा धीर नाही. मॅडमना मेल लिहिली — रांग मी पुसली, काकांनी नाही. पाठवली. ऑफिसची मेलही याच सर्व्हरवरून जाते.

रांगेत एक. माझीच. जात नाही —

रांग शून्य. पोचली? नाही. नोंदीत आहे, पुसली. पुसणाऱ्याचं नाव — महादू.

पुन्हा लिहिली. पुन्हा पुसली.

चारला दहा मिनिटं. उठून सांगायला हवं. मॅडमचं दार चार पावलांवर — मध्ये तो उभा —

म्हणून इथे लिहिते. ही वही ज्याला मिळेल त्याने मॅडमना सांगा, सुगंधाला सांगा. लवूकाकांनी नाही. सहा तारखेला दुपारी एकला तो इशारा पुसला तो मी, गौर