हात खाली ठेवायचा नाही

प्रिय वहिनी,

काल दुपारी लाईट गेली. शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम थांबले आणि प्राची इंग्रजीचं पुस्तक घेऊन ओट्यावर आली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. म्हणून लिहितोय.

तुमच्या लेकीने ते पुस्तक कपाटावर टाकून दिलं होतं. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. मी साहित्य शिकलेला, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी हाक मारायचो, ती म्हणायची, "काका, मोठी वाक्यं मला जमत नाय. आई होती तेव्हा जमायची." यावर काय शिकवायचं?

ओट्यावरच्या तुमच्या वर्गाला वेळापत्रक कुठे होतं? लाईट गेली की वर्ग. या गल्लीत तेवढाच वेळ माणसाचा आवाज ऐकू येतो. लग्न होऊन अंबाडीहून आलात तेव्हा या खडखडाटाने तुमचं डोकं दुखायचं. नंतर कधी दुखायचं थांबलं, आम्ही विचारलंच नाही.

एक तक्रार आहे. मला त्या वर्गात कधी का बसू दिलं नाहीत? "भावजी, तुम्ही आत जा. तुम्ही लगेच अर्थ सांगून टाकता." मी आत जायचो. लूम सुरू झाले की तुमचा आवाज बुडायचा. मला वाटायचं, वर्ग सुटला.

कालचं वाक्य 'व्हेन'ने सुरू होत होतं. अर्थ असा: वाडा गावाजवळ बंद पडलेली बस शेवटी आली, तेव्हा स्टँडवरची माणसं घरी गेली होती. "सोपं आहे," मी म्हणालो. "सांगू नका," प्राची म्हणाली. अगदी तुमच्यासारखी.

तेवढ्यात लाईट आली. लूम धडधडू लागले. मी पुस्तक मिटलं. प्राची उठली नाही. बाहेर चहा पीत बसलेले लूमवाले अन्वरभाई कारखान्यात परत जाता जाता माझ्या कानाशी ओरडले, "बंद क्यूँ किया? मॅडम तो शोर में भी पढ़ाती थीं. हाथ से."

प्राचीने पुस्तक उघडलं. एक तळहात हवेत धरला, दुसऱ्या हाताचं बोट शब्दांवरून सरकवू लागली. बस कुठे बंद पडली, ते सांगणाऱ्या तुकड्यापाशी बोट वाकलं, पुढे गेलं. तळहात हवेतच. माणसं घरी गेल्याचा तुकडा आला तेव्हा तो पानावर टेकला. मग ती माझ्या कानात म्हणाली, "मेन वाक्य येईपर्यंत हात खाली ठेवायचा नाय."

पुढच्या वाक्याला तिने माझा हात वर धरायला लावला. मी लवकर टेकवला. तिने मनगट धरून पुन्हा उचलला आणि हसली. वहिनी, किती दिवसांनी हसली.

आता लाईट आली म्हणून मी उठणार नाही. अर्थ आधी सांगणार नाही. तिचं वाक्य कितीही लांबलं तरी पूर्ण होईपर्यंत हात वर धरून बसेन.

तुमचा धाकटा दीर,
विनय