तिसरा नियम

सोमवार, ९ एप्रिल १९३४

पुण्याहून मोटारीने नसरापूर, तेथून बैलगाडीने विंझर ओलांडून आणखी दोन मैल, असा प्रवास करून आज तिसऱ्या प्रहरी येथे पोहोचले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी नोकरी धरणे शहाणपणाचे आहे, असा दावा मी करणार नाही. ते मूर्खपणाचे आहे, हेही अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. गाडीवान ज्ञानूने माझी पेटी उचलताना विचारले, की एवढी जड कशी, औषदं हायेत व्हय? पुस्तके आहेत, असे सांगितल्यावर म्हणाला, मंग आज बैलांनी लई शिक्षण घेतलं, बाई. मला हसू आले. पुष्कळ दिवसांनी आले.

हे छोटे रुग्णालय भोरातील एका वकील-कुटुंबाने आपल्या मातेच्या स्मरणार्थ बांधले आहे. सहा खाटा, पुढे ओटा, आवारात आड आणि हौद. पश्चिमेच्या खिडकीतून तोरणा दिसतो. डॉक्टर रघुवीर दर बुधवारी भोरहून घोड्यावर येतात. उरलेले सहा दिवस सर्व जबाबदारी माझी. शिवाय स्थानिक स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण द्यावयाचे. अठ्ठावीस वर्षे पुण्यात हेच केले. भिंतींना नुकताच चुना दिलेला आहे, हवा कोरडी आहे, आणि मी समाधानी आहे.

गुरुवार, १२ एप्रिल

शिष्या तूर्त एकच: चंद्राबाई, विंझरच्या शेतकरी घरातली, बावीस वर्षांची विधवा, मराठी चार इयत्ता शिकलेली. स्मरणशक्ती असाधारण. एकदा सांगितलेले ती शब्दशः परत करते; आणि शब्दशः परत करणे म्हणजे समजणे नव्हे, हे तिला अजून समजावयाचे आहे.

आज परिचर्येचा इतिहास सांगितला. जुन्या वैद्यकाने चिकित्सेचे चार पाय मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. वैद्य दोन डोंगरांपलीकडे असेल तर खाट तीन पायांवर उभी राहते, आणि त्यांतला एक पाय तू आहेस, असे म्हटल्यावर ती बसल्या जागी ताठ झाली. मग आरोग्याची व्याख्या विचारली. पुष्कळ विचार करून म्हणाली, "सकाळी उठून ज्याला कुनाकडं काय मागावं लागत न्हाई, त्यो बरा मानूस." ही व्याख्या नव्हे, हे वर्णन आहे, असे सांगून मी ते दुरुस्त केले.

नंतर माझ्या वहीतील बारा नियमांपैकी पहिले तीन उतरवून दिले. पहिला: जे पाहिले नाही ते लिहू नये. दुसरा: रोग्याच्या विनवणीने वा तोंडी सांगण्यावरून उपचार बदलू नये; बदल लेखी, सहीनिशीच हवा. तिसरा: वांती थांबेपर्यंत तोंडाने पाणी देऊ नये, पाण्याने वांती वाढते, वांतीने बळ जाते.

शुक्रवार, २० एप्रिल

पलीकडच्या गावच्या जत्रेतून पटकी, म्हणजे कॉलरा, आली. काल सकाळी साळूबाई नावाची वृद्ध स्त्री आपल्या सुनेला, बनाबाईला, गाडीत घालून घेऊन आली. सून जेमतेम पंचविशीची. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुणे धुऊन सुरकुतल्यासारखी. तिला चौथ्या खाटेवर ठेवले. शेक, स्वच्छता, अंथरूण बदलणे, सर्व यथासांग झाले. वांती थांबली नाही. सबब पाणी दिले नाही.

ती प्रथम आवाजाने पाणी मागत होती. आवाज गेल्यावर ओठांनी. आज सकाळी केवळ अंगठा तोंडाकडे नेऊन.

बाराच्या सुमारास साळूबाई तुळशीचे पान घातलेले पाणी घेऊन आली आणि शेवटचे दोन थेंब तोंडात घालू द्या म्हणाली. मी नाडी पाहिली. नाडी लागत होती. जिची नाडी लागते ती मरणोन्मुख नाही; सबब मरणकाळचा विधी येथे लागू नाही. असे मी तिला सांगितले, आणि चंद्राबाईनेही ऐकावे म्हणून जरा स्पष्ट सांगितले. त्यानंतर बारा मिनिटांनी बनाबाई गेली.

तोंड मिटेना. हनुवटीखालून पट्टी बांधावी लागली. साळूबाई रडली नाही. म्हणाली, "बाई, तुमचं बरूबर आसंल. पर माज्या सुनंच्या तोंडात पानी न्हाई गेलं."

माझ्या तर्कात दोष कोठे होता, ते शोधले. आढळला नाही. झोप मात्र लागली नाही.

रविवार, २२ एप्रिल

काल आणि आज, भर दुपारी, रुग्णालयाच्या उंबऱ्यावर पाण्याने भरलेला तांब्या. साळूबाई दोन मैल उन्हात चालत येते, तांब्या ठेवते आणि ओट्यावर न टेकता परत जाते. चंद्राबाईने कारण सांगितले: ज्याच्या तोंडात अखेरचे पाणी पडले नाही, तो तेरा दिवस त्याच घटकेला पाण्यासाठी येतो, त्याच्यासाठी ते ठेवायचे असते. मी म्हणाले, उघड्या पाण्यावर माश्या बसतात आणि माश्यांबरोबर रोग येतो. उंबऱ्यावरचे प्रत्येक भांडे तत्काळ ओतून टाकण्याची सूचना दिली. तिने ओतले. ओतताना तोंड फिरवले होते.

मंगळवार, २४ एप्रिल

नोंद, जशी पाहिली तशी. काल दुपारी दाराजवळच्या फडताळावरील, तापमापक ठेवण्याचा पेला कोरडा. आज दुपारी त्यापुढच्या मेजावरील, उकळलेल्या पाण्याचे मडके कोरडे. मडक्याच्या तोंडाला बांधलेले फडके जसेच्या तसे, सुतळीची गाठ माझी. मडके पालथे घालून पाहिले, तडा नाही. खिडकीवर टाकलेल्या ओल्या चादरीवर वाळलेले डाग पडले आहेत. प्रत्येक डाग सारख्या आकाराचा, लांबट, मधे रुंद.

उन्हाने पाणी आटते, हे मान्य. परंतु ऊन आवारातला हौद सोडून झाकलेल्या मडक्यात कसे शिरेल? आणि दारापासून एकेक करून चौथ्या खाटेच्या दिशेने कसे जाईल?

चंद्राबाईला विचारले. ती म्हणाली, तुमी मला पायलंय तेवढंच लिवाया सांगितलंय, बाई; म्या काय बगितलं न्हाई, म्या नुसतं आयकलं. काय ऐकले, ते मी विचारले नाही.

बुधवार, २५ एप्रिल

डॉक्टर आले. बनाबाईचा तक्ता त्यांनी दोनदा वाचला. मग अत्यंत सौम्यपणे म्हणाले, की पटकीचा रोगी कोरडा पडून मरतो. वांती होत असली तरी मीठ घातलेले पाणी थोडेथोडे, पुन्हापुन्हा दिले पाहिजे. हे आता सर्वमान्य आहे, तुमच्यापर्यंत पोहोचले नसावे. ते माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. त्यांनी दोष दिला असता तर मी प्रतिवाद केला असता.

येथे एक गोष्ट लिहिली पाहिजे. ते माझ्यापर्यंत पोहोचले होते. १९२१ साली पुण्यात तसे पत्रक आले होते. मी ते वाचले, पुरेसा पुरावा नाही असे ठरवले आणि घडी घालून वहीत ठेवले. ते अजून तिसऱ्या नियमाच्या पानातच आहे. त्यानंतर तेरा वर्षे मी तो नियम शिकवला. किती जणींना शिकवला, आणि त्यांनी तो किती रोग्यांना लावला, याचा विचार करू लागले की हात थांबतो.

चंद्राबाईला आजच सांगावयास हवे होते. परंतु नियम मागे घ्यावयाचा तर तो कारणांसह, व्याख्यानातून मागे घ्यावा. सोमवारी घेईन.

शुक्रवार, २७ एप्रिल

पाहिले आहे, म्हणून लिहिते.

बारा वाजता मी खोलीत होते. स्वच्छ ऊन. सहाही खाटा रिकाम्या. प्रथम आवाज आला, घशात काही नसताना गिळल्याचा. कोरड्या दोरीला पीळ पडावा तसा. चौथ्या खाटेवर ती बसली होती. हनुवटीची पट्टी सुटून गळ्यात आलेली. तोंड उघडे, आणि आत काळोख नव्हे, भेगाळलेली माती असावी तसा रंग. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. ती केवळ माझ्या हातांकडे पाहत होती, हातांत काही आहे का म्हणून.

माझ्या हातांत काही नव्हते. मी बाहेर आले.

ओट्यावर चंद्राबाईने साळूबाईचा तांब्या नुकताच ओतला होता. आजपासून ओतू नकोस, असे म्हणणार होते. कारण सांगावे लागले असते. म्हणाले नाही.

शनिवार, २८ एप्रिल, सकाळी

पहाटेपासून चार जुलाब, दोन वांत्या. पोटऱ्यांत गोळे. निदानाविषयी शंका नाही. मी स्वतःच तिसऱ्या खाटेवर आले. चौथीकडे पाठ करून निजले आहे. चंद्राबाई उत्तम शुश्रूषा करते. एकही चूक नाही.

पाणी मागितले. तिने मान हलवली.

मी म्हणाले, तिसरा नियम चुकीचा आहे. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, तुमीच सांगितलंया बाई, या दुकन्यात मानूस पान्यासाटी कायबी बोलतं. माज्या बनाक्कानंबी शपता घातल्या व्हत्या.

बनाक्का. दोघी एका आळीच्या. मला माहीत नव्हते. मी विचारले नव्हते.

शनिवार, अकराच्या सुमारास

आवाज बसला. आता खूण करून मागते. अंगठा तोंडाकडे —

गाडीवान ज्ञानू वेल्ह्याकडून धावत आला. जत्रेच्या गावाहून रोग्यांच्या आणखी तीन गाड्या रुग्णालयाकडे निघाल्या आहेत. एकीत लहान मुले. दोनपर्यंत पोहोचतील. डॉक्टर बुधवारी. मधले दिवस सर्व चंद्राबाईच्या हाती. तिला नियम तोंडपाठ आहेत. मुले पाणी मागतील आणि ती रडत रडत नाही म्हणेल.

वही मागितली. पत्रक दाखवीन म्हणून. वही पेटीत. किल्ली — आठवत नाही. पुस्तकांत कोठेतरी.

साळूबाई येऊन गेली. तांब्याचा आवाज ओळखला. चंद्राबाईने ओतला. येथून पाणी वाहताना दिसले. आधी चकाकले, मग माती.

त्या म्हाताऱ्या बाईला मी आजवर बस म्हणाले नाही.

शनिवार, बारा

चंद्राबाई खाली बसून माझ्या पायांना शेक देते आहे. खुणेने पुन्हा सांगितले. ती रडली. म्हणाली, "बाई, म्या तुमच्या शब्दाभाईर न्हाई. तोंडी सांगितलेलं धरू नगंस, असंबी तुमीच म्हनलाय. लिवून द्या. शाईनं, सहीनिशी. म्या आत्ता पाजते, समद्यांना पाजते." मग शेकाचे पाणी तापवायला चुलीकडे गेली.

म्हणून लिहिते. ही रोजनिशीच जवळ आहे. दौत उशाला आहे.

पाठीमागे खाट करकरली.

ती उठली. माझ्या बाजूने आली. पायांचा आवाज नाही — घशाचा आहे. खोलीत दुसरे ओले काही उरले नाही. शेकाचे भांडे चंद्राबाईने नेले.

ती दौतीवर वाकली आहे.

बनाबाई, थोडी ठेव. तुझे आहे ते मी नाकारत नाही. दोन ओळींपुरती ठेव. मुले येत आहेत —

शाई फिकी होत चालली. टाक खरडतो.

आज्ञा. चंद्राबाईस. तिसरा नियम रद्द. वांती होत असली तरी प्रत्येक रोग्यास पाणी द्यावे. मीठ घालून, थोडेथोडे, मागेल तेव्हा. प्रथम मुलांना. उंबऱ्यावरचा तांब्या ओतू नये.

तिने तोंड वर केले. ओठ निळेकाळे झाले आहेत. अजून तहान भागलेली नाही. पुन्हा वाकते आहे — थांब — एवढेच — सही —

सौदामि