मावशीने तेलातून काढलेला हात

आई, मावशीला काल लखनऊच्या अमौसी विमानतळावर सोडून आलो. तुझी धाकटी बहीण ऐंशीच्या घरात आल्यावर पहिल्यांदा विमानात बसली आणि दारावरच्या शिपायालाच विचारायला लागली, "भैया, वो खिडकी उघडती है क्या?" तुझंच हिंदी, अगदी तसंच. एरवी मी पोट धरून हसलो असतो. काल हसू आलं नाही, कारण काल मला तिच्याकडे सरळ बघताही येत नव्हतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुला कधी चार ओळी लिहाव्यात असं मनात आलं नाही, आणि आज आलंय ते असल्या गोष्टीसाठी. जे घडलं ते सांगायला एकही जिवंत माणूस मला सापडत नाही. बायकोला सगळं ठाऊक आहे, मुलीलाही आहे, आणि जिला सांगायला हवं तिला सांगायची छाती नाही. म्हणून तुझ्याकडे आलोय. रागावायचं तर खुशाल रागाव.

आधी माझ्या डोक्याचं सांगतो, कारण तुझ्या ओळखीचं डोकं ते हे नव्हे. तुझ्या वेळी कंगव्याचे दात मोडायचे, आठवतं? बाबांच्या संस्थेच्या कॉलनीतलं आपलं ते क्वार्टर, मागच्या बाजूचं स्वयंपाकघर, आणि दिवाळीच्या पहाटे तू गॅसशेजारी पाट टाकून मला समोर बसवतेस. बाबा नोकरीसाठी साताऱ्याहून लखनऊला आले आणि रमले, पण तू या गावावर शेवटपर्यंत पुरता विश्वास टाकला नाहीस. "ही माणसं डोक्याला लोणच्याचं तेल लावतात रे," असं मोहरीच्या तेलाबद्दल म्हणायचीस. मावशी साताऱ्याहून जास्वंद घालून उकळलेलं खोबरेल पाठवायची. इथल्या थंडीत ते तुपासारखं गोठायचं, मग तू बाटली कोमट पाण्यात उभी करायचीस. तू तेल चोळतेस, माझं डोकं तुझ्या हाताबरोबर पुढेमागे हलतंय आणि तू म्हणतेस, "किती हे रान! सून बिचारी दमून जाईल." सून कसली दमतेय! तिच्या वाट्याला रान आलंच नाही.

पंचेचाळिशीनंतर केस गळायला लागले. आधी टाळूवर, मग कपाळाच्या दोन्ही बाजूंनी. बँकेत मी कॅबिनमध्ये वाकून सही करायचो आणि समोर उभा असलेला माणूस कुठे बघतोय ते न बघताही कळायचं. सगळ्यांचे जातात गं, बाबांचेही गेले होते, ते टकलावर हात फिरवत मजेत हिंडायचे. मला जमलं नाही. एकदा सलूनवाल्याने चाळणीच्या झाकणाची एक डबी काढली आणि म्हणाला, "सर, लगा के देखिए, पता भी नहीं चलेगा." तिच्यात काळे, अगदी बारीक तंतू असतात, पावडरीसारखे. उरलेल्या केसांवर भुरभुरायचे, बोटांनी थोपटायचे आणि वरून फवारा मारायचा. ते केसांना चिकटून बसतात आणि टाळू दिसेनाशी होते. त्या दिवशी आरशात मला माझा जुना चेहरा दिसला आणि मी गहिवरलो, खरं सांगतो. तेव्हापासून एकही सकाळ चुकली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ते मी डोक्यावर वागवतोय.

पण झाकायचं म्हणजे पहारा आला. घामाची भीती, पावसाची भीती, कुणी लाडाने केसांतून हात फिरवील त्याची भीती. पांढरा टॉवेल घरातून गेला. बायकोने एक अक्षर न बोलता उशांचे सगळे अभ्रे चॉकलेटी आणले. आणि तेल तर या पावडरीचं वैरीच. तेलाचा हात लागला की सगळं काळं ओघळून कानावर येतं. म्हणून मी दिवाळीत डोक्याला तेल लावून घेणं बंद केलं. सर्दी होते, असं सांगितलं. तुझ्या हातानंतर बायकोचा हात होता, तोही मीच थांबवला. ती दर वर्षी खांद्यांना तेवढं तेल लावते आणि डोक्यापाशी आली की हात पुसते.

आता मुलीचं लग्न झालं. मुलगा इथलाच, मलिहाबादला त्यांच्या आंब्याच्या बागा आहेत, माणसं गोड आहेत. लग्न सगळं त्यांच्याच पद्धतीनं ठरलं. आपली पोरगी तर मराठी कळूनही उत्तर बहुधा हिंदीतच देते, त्यामुळे आपल्या रीतींचं तिला काय पडलंय असं मी धरून चाललो होतो. पण तिने एकच हट्ट धरला. "बाबा, वो मंगलस्नान अपने यहाँ वाला होगा. तुम्ही, आई आणि मी पाटावर बसणार, आणि पहिलं तेल मावशीआजी लावणार." मी म्हटलं, अगं, मावशी विधवा आहे, तीच तयार होणार नाही. तर म्हणाली, "तो क्या हुआ? आपकी शादी में आजी ने नहीं लगाया था?"

आई, ती गोष्ट मीच तिला सांगितली होती. एकदा नव्हे, लहानपणापासून, पाहुणे आले की, जेवणं झाली की, छाती फुगवून. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, माझ्या लग्नात तू स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होतीस, आणि आत्या म्हणाली होती की वरमाईने लांबच राहावं, तेल सुवासिनी लावतील. मी पाटावरून उठलो होतो. "आईने पहिलं तेल लावल्याशिवाय मी बसत नाही, मग लग्न राहिलं तरी चालेल," असं भर मांडवात ओरडलो होतो. तू आलीस. तुझे हात इतके थरथरत होते की तेल माझ्या भुवयांवरून डोळ्यांत गेलं. तू रडत होतीस आणि मी डोळे चुरचुरतायत म्हणून रडत होतो, निदान सगळ्यांना तसं सांगितलं. माझ्या आयुष्यात मी जे काही धडाचं केलं त्यात ते सगळ्यांत वर आहे. त्यावर माझी पोरगी मोठी झाली. आपला बाप कसा आहे, ते तिला त्या गोष्टीवरून ठाऊक होतं.

मावशी चारबाग स्टेशनला उतरली तीच तेलाची बाटली पदराखाली धरून. जास्वंदीचं, घरी उकळलेलं. मुलीने फोनवर तिची मनधरणी केली होती, अर्धी हिंदी, अर्धी मराठी. मला बाजूला घेऊन मावशी म्हणाली, "अरे, हे गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवालासुद्धा पुढे बोलावलं नाही. तुझी पोर म्हणते, पहिला हात माझाच. मला रात्रभर गाडीत झोप नाही आली." मी तिला जवळ घेतलं. खरंच आनंद झाला होता मला. मनात हिशेब एवढाच की गुरुजींनी सांगितलं होतं, आंब्याचं पान तेलात बुडवून पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना आणि डोक्याला नुसतं टेकवायचं. एवढ्याने काही बिघडत नाही. पुढच्या आंघोळीला मी एकटा न्हाणीघरात जाणार होतो आणि डबी आधीच तिथे ठेवली होती. बघ, मुलीच्या लग्नात बापाची तयारी ही असली.

गच्चीवर कोवळं ऊन होतं. तीन पाट मांडलेले, मध्ये मुलगी, दोन्हीकडे आम्ही दोघं. मुलाच्या बहिणी मराठी रीत बघायला म्हणून मुद्दाम आल्या होत्या, सगळ्यांच्या हातांत मोबाइल. "अच्छा, पहले पापा जी को लगेगा?" असं एक विचारत होती. मावशी पुढे आली. गुरुजींनी पान पुढे केलं, तर तिने ते बाजूला सारलं. "पानाने कसलं तेल लावतात? माझी बहीण कशी लावायची ते दाखवते याला," असं म्हणून तिने बांगड्या नसलेले हात कोपरापर्यंत मोकळे केले आणि ओंजळ वाटीत बुडवली. हात तुझेच गं. तशीच रुंद बोटं. ते हात तेलाने निथळत माझ्या डोक्याकडे यायला लागले आणि मला फक्त काळे ओघळ दिसले. कानावर, मानेवर, पांढऱ्या उपरण्यावर, त्या मोबाइलांत.

मी मागे सरलो आणि म्हणालो, "मावशी, थांब. पहिलं तेल सुवासिनीनेच लावायचं असतं ना? शास्त्र आहे. उगाच पोरीच्या संसाराला..." वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजच नव्हती. आई, हे मी बोललो. आत्या बोलली होती त्याहून वाईट बोललो, कारण आत्याचा निदान त्याच्यावर विश्वास होता. मावशीचा हात हवेत राहिला. मग तिने तो वाटीवर धरून तेल निथळू दिलं, एक थेंबही सांडू दिला नाही, आणि म्हणाली, "खरंय बाळा. माझंच चुकलं. पोरीच्या शब्दाला भुलले मी." असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी पाटावरून उठलो नाही. माझ्या चुलतभावाच्या बायकोने पानाने तेल टेकवलं. माझ्या डोक्यावर एक इवलासा थेंब पडला आणि तो दिसतो की काय, या काळजीत मी पुढचे सगळे मंत्र काढले.

दुपारी मुलीची वेणी चालली होती, मी दारात उभा राहिलो, तेव्हा आरशातूनच म्हणाली, "शास्त्र-वास्त्र कुछ नहीं था ना, बाबा? बालों के लिए बोला ना आपने?" तिला ठाऊक होतं. काय मूर्ख मी, एका घरात राहणाऱ्या पोरीला ठाऊक नसेल असं मला वाटत होतं! मी म्हटलं, बेटा, तसं नाही. ती म्हणाली, "आजी वाली वो कहानी अब किसी को मत सुनाइएगा." लखनऊची पोर, रागावली तरी अदब सोडत नाही. आरडाओरडा केला असता तर सोसला असता. लग्न लागल्यावर निरोपाच्या वेळी ती मावशीच्या गळ्यात पडून केवढी रडली. माझ्या पाया पडली आणि गाडीत बसली. त्यानंतर तिचे फोन येतात ते तिच्या आईच्या मोबाइलवर.

मावशी आणखी चार दिवस राहिली. रोज ठरवायचो, आज सांगायचं. काय अवघड होतं? "मावशी, शास्त्रबिस्त्र झूट आहे, माझं टक्कल आहे, त्यावर मी काळी भुकटी टाकतो आणि तिच्यापायी तुझ्या वैधव्यावर बोट ठेवलं." एवढंच. ती हसली असती. टकलावर एक टपली मारून म्हणाली असती, मेल्या, आधी नाही का सांगायचं! पण मी तिला चहा नेऊन द्यायचो, गुडघे कसे आहेत विचारायचो आणि परत यायचो. ती देवघरात दिवा लावायलाही पुढे होईना, बायकोलाच हाक मारायची. नव्या नवरीचं मागे राहिलेलं सामान बांधायचं होतं, त्याला हात लावू का असं आधी विचारायची. आणि मी हे सगळं माझ्या डोळ्यांनी बघत होतो.

काल विमानतळाच्या दारापाशी तिला नमस्कार केला. वाकलो तेव्हा तिचा हात सवयीने वर आला. मग तो मध्येच थांबला आणि तिने तो शालीत ओढून घेतला. "सुखी राहा, पोरीलाही माझा आशीर्वाद सांग, लांबूनच," असं म्हणाली. तो हात शालीतून काढून मी डोक्यावर ठेवायला हवा होता. तिथे ना मुलीची सासरची माणसं होती, ना मोबाइल, नुसता एक शिपाई. आणि आई, तिने हात आत घेतला तेव्हा मला वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी मला हायसं वाटलं.

मावशी आता साताऱ्याला घरी पोचली असेल. तिला फोन करायला हवा. दोन वेळा नंबर काढला आणि ठेवून दिला. शरम जनाची नसली तर मनाची तरी असावी म्हणतात. माझ्याकडे जनाचीच आहे, तीही फक्त केसांपुरती. बायको मुलीकडे गेली आहे, संध्याकाळपर्यंत यायची नाही. बेल वाजायची नाही, कुणी येणार नाही, दार आतून लावलेलं आहे. तरीही तुला हे लिहायला बसायच्या आधी मी आरशासमोर उभा राहून नीट पावडर लावून आलोय.