आबांची ओवी आणि तुझा लॅपटॉप

वडीगोद्री, रविवार

चि. गोरक्षनाथ यास ताईचे आशीर्वाद.

लॅपटॉपमधली जुनी सिस्टिम मी काढली, यावरून तू फोनवर मला बोलूच दिलं नाहीस. म्हणून लिहिते आहे.

आबांची धनगरी ओवी रेकॉर्ड करताना ती सिस्टिम अपडेटसाठी मध्येच बंद पडायची. ओवी तुटली की पुन्हा नमनापासून धरायची, हे तुला ठाऊक आहे. तिसऱ्या नमनाला आबांना धाप लागली. "तुह्या पेटीला सबुरी न्हाई," म्हणाले.

म्हणून संगीतासाठीच तयार केलेली ओपन सोर्स लिनक्स सिस्टिम निवडली. आधी पेनड्राइव्हवरून चालवून माइक बराबर चालतो का पाहिलं, तुझ्या फायली बाजूला काढल्या, मगच ती टाकली. ही विचारल्याशिवाय अपडेट करत नाही.

काल बिरोबाची ओवी अखंड झाली. शेवटी खोकला आहे. तो मी कापलेला नाही. आबा जेवतात, थोडं. मागून सूर धरायला तुझी आठवण काढतात. वहिनीची कंबर कशी आहे?

तुझी ताई,
दैवशाला

माझ्या प्रांजलीच्या हाती दिलं: एक पेनड्राइव्ह, त्यात पूर्ण ओवी आणि तुझ्या सगळ्या फायली. लॅपटॉप दिलेला नाही. तो न्यायला तू स्वतः ये.