टाकीवरचा डबा

प्रिय मालसुकताई,

आधी जेवून घे, मग हे वाच. समुद्रशेवाळाचं सूप आहे, गार झालं की मजा जाते. स्वयंपाक माझाच, तेव्हा मीठ कमी लागलं तर नेहमीसारखी वरून ठणाणा कर. टाकीवर वारा फार आहे का गं? खाली तंबूची ताडपत्रीसुद्धा रात्रंदिवस फडफडते आहे.

काल संध्याकाळी ओसाकाहून फुजिनामी आजोबांचा फोन होता. कारखान्याला टाळं ठोकून मालक जपानला निघून गेले, तेव्हापासून त्यांच्या हेड ऑफिससमोर दर गुरुवारी आपल्यासाठी उभे राहणारे ते निवृत्त रेल्वेवाले. थंडीच्या तोंडावर आपण सगळ्यांनी बसून कोबीची किमची घातली आणि झाकण घट्ट आवळून एक बरणी त्यांना पाठवली होती. ती वाटेत आंबून फुगली आणि त्यांच्या युनियनच्या खोलीत फुटली. आजोबा ती गोष्ट अजून रंगवून सांगतात. "कंपनीचा वॉचमन नाक धरून विचारायला आला, हे कसलं हत्यार? मी म्हटलं, कोरियातल्या बायकांनी केलंय बाबा. दाबून ठेवलं की उसळतंच!" मीही हसले.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. मला जपानी येतं आणि उंचीची भीती वाटते, म्हणून तुम्ही मला ओसाकाला पाठवलंत आणि कारखाना उघडेपर्यंत उतरणार नाही म्हणून टाकीवर तू चढलीस. त्याच आठवड्यात मी तिकडे सार्वजनिक न्हाणीघरात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसले होते. युनियनमधल्या एका बाईंनी माझी पाठ चोळून दिली. चोळता चोळता म्हणाल्या, "तुमच्या वरच्या ताईला अंघोळ कशी करता येत असेल गं?" मला तिथेच रडू फुटलं. त्यांना वाटलं, पाणी फार कढत झालं.

तसं इथे सगळं बरं आहे. तंबूत नवी शेगडी आली. योंगजाला नात झाली, नाक अगदी योंगजाचंच, बिचारी पोर! आणि परवा बैठक झाली.

त्या बैठकीचंच लिहायचंय, इतका वेळ टाळत होते. कंपनीचा निरोप आलाय. त्यांच्याच पलीकडच्या कारखान्यात आम्हा सगळ्यांना कामावर घेतील, फक्त टाकीवर चढली तिला नाही. आपले युनियनचे अध्यक्ष म्हणाले, कबूल असेल त्यांनी हात वर करा. ताई, माझा हात वर गेला. आईच्या दुखण्याचं कारण देता येईल, पण ते खोटं होईल. मी दमले गं, एवढंच. उद्या सकाळी टाकीखाली ढोल वाजतील. "जिंकलो, ताई, उतर!" म्हणून सगळे ओरडतील. तसंच ठरलंय. "खाली आली की मग समजावू तिला," म्हणाले, आणि तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. उतरायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण फसून उतरू नकोस. आजोबांना मी काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गुरुवारी आम्ही येतोच. फलकावर आता एकच नाव लिहायचं, म्हणजे अक्षरं मोठी काढता येतील." तुला कधी न पाहिलेली माणसं तिथे तुझ्या नावाने उभी राहणार, आणि तुझ्या शेजारच्या मशीनवर जन्म काढलेली मी इथे हात वर करून बसले. म्हणून म्हटलं, आधी जेवून घे. हे वाचल्यावर माझ्या हातचा घास तुझ्या घशाखाली उतरला नसता. उद्याही मी डबा घेऊन टाकीखाली येईन. दोरी खाली सोडशील ना?

अजून म्हणू देशील तर, तुझीच
जोंगइम